श्रीएकनाथमहाराज आणि उपकारस्मरणाचा नित्यनेम

मनुष्याचे मन मोठे विलक्षण आहे. झालेला अपकार ते वर्षानुवर्षे जपून ठेवते आणि झालेला उपकार दिवस मावळण्यापूर्वीच विसरते. देवळात वावरणाऱ्यास ह्याचा प्रत्यय नित्य येतो. पुजाऱ्याचा मुलगा म्हणून मी लहानपणापासून गाभाऱ्याच्या उंबरठ्याशी बसत आलो आहे. परीक्षा, लग्नकार्य, वेळेवर पाऊस, संत्र्याचा आंबिया बहार, कापसाचा भाव, ह्यांसाठी देवापुढे हात जोडणारे पुष्कळ दिसतात. मागितलेले मिळाल्यावर तेवढ्याच त्वरेने परत येणारे मात्र थोडे. ह्या दोषातून मी स्वतःही सुटलेलो नाही. म्हणूनच ज्यांनी उपकारस्मरण हा आपला नित्यनेम केला आणि त्याच्या बळावर मनाची शांती अखेरपर्यंत राखली, त्या पैठणच्या श्रीएकनाथमहाराजांचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे योजिले आहे.

नाथांचा जन्म इ. स. १५३३ च्या सुमारास गोदावरीकाठी पैठण येथे झाला. त्यांचे पणजोबा भानुदास हे मोठे विठ्ठलभक्त होते. विजयनगरास गेलेली पांडुरंगाची मूर्ती त्यांनीच पंढरीस परत आणली, अशी परंपरा आहे. नाथांच्या वडिलांचे नाव सूर्यनारायण व आईचे रुक्मिणी. दोघांचेही छत्र तान्हेपणीच हरपले आणि आजोबा चक्रपाणी ह्यांनी नातवाचा सांभाळ केला. ज्या बालकास आईबापांचा चेहराही आठवला नसेल, त्याने पुढे दैवास बोल लावला असता तर त्यास कोणी दोष दिला नसता. परंतु हाच बालक मोठेपणी आपल्या भागवतटीकेच्या आरंभी भानुदासांना, चक्रपाणींना आणि जन्मदात्या मातापित्यांना आदरपूर्वक वंदन करतो. जे मिळाले नाही त्याचा उच्चार नाही. ज्यांच्यामुळे आपण जन्मास आलो त्यांची आठवण मात्र प्रथम.

लहान वयातच नाथ देवगिरीस गेले. तेथील किल्ल्याचा कारभार पाहणारे जनार्दनस्वामी हे त्यांचे गुरू झाले. नाथ त्यांच्या घरी पडेल ती सेवा करीत व हिशेबही लिहीत. एकदा हिशेबात एका पैची चूक राहिली. ती शोधण्यात त्यांनी सारी रात्र घालविली आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजविली. एका पैसाठी एवढी एकाग्रता करणारे मन परमार्थास किती योग्य आहे, हे स्वामींनी ओळखले. पुढे त्यांनी नाथांस शूलिभंजन पर्वतावर अनुष्ठानास पाठविले.

गुरूंचा हा उपकार नाथांनी कसा स्मरला, हे त्यांचे अभंग उघडताच दिसते. अभंगाच्या शेवटी कवीने आपले नाव घालावयाचे, ही रीत. नाथांनी आपल्या नावाबरोबर गुरूंचे नाव कायमचे जोडून टाकले. काव्य रचावयास बसले की त्या दिवशी गुरुस्मरण आपोआप घडे. उपकाराची आठवण मनाच्या लहरीवर न सोडता ती त्यांनी रोजच्या कामात अशी गुंफून ठेवली.

पैठणास परतल्यावर गिरिजाबाईंशी त्यांचा विवाह झाला. पहाटे ध्यान, मग गोदास्नान, ग्रंथवाचन, देवपूजा, अतिथींस भोजन, दुपारी प्रवचन, रात्री कीर्तन, असा त्यांचा दिनक्रम चरित्रकारांनी वर्णिला आहे. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची अठरा हजारांहून अधिक ओव्यांची टीका शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ साली, काशीक्षेत्री पूर्ण झाली.

ह्या दिनक्रमाची कसोटी पाहणारा एक प्रसंग महाराष्ट्रात घरोघरी सांगितला जातो. नाथ गोदावरीचे स्नान करून परतत असता वाटेवर बसलेला एक उद्धट मनुष्य त्यांच्या अंगावर थुंकला. नाथ मुकाट्याने मागे फिरले आणि पुन्हा स्नान करून आले. तो पुन्हा थुंकला. असे एकशे आठ वेळा घडले, असे सांगतात. अखेर तोच थकला आणि ओशाळून पाया पडला. तेव्हा नाथांनी त्याचेच आभार मानले. त्याच्यामुळे एका दिवसात गंगामाईची इतकी स्नाने घडली, असे त्यांस वाटले. हे बोलणे वरवरचे असते तर दहाव्या थुंकीलाच संताप उसळला असता. वर्षानुवर्षे रोज उपकार मोजण्याची सवय लागलेल्या मनास त्या क्षणीही उपकारच दिसला.

ह्यावरून कोणी असे समजू नये, की कृतज्ञता म्हणजे अन्याय निमूटपणे पाहणे. श्राद्ध हा पितरांचे ऋण स्मरण्याचा दिवस. एका श्राद्धाच्या दिवशी नाथांच्या घरी स्वयंपाक सिद्ध झाला असता, अस्पृश्य मानले गेलेले एक भुकेले कुटुंब घरावरून जात होते. अन्नाच्या वासाने त्यांची मुले व्याकूळ झाली. नाथांनी ते सारे अन्न त्यांस वाढविले. निमंत्रित ब्राह्मण रुष्ट झाले व त्यांनी पुन्हा केलेला स्वयंपाकही नाकारला. नाथांनी हा रोष सोसला. परंतु केलेल्या कृत्याचा पश्चात्ताप केला नाही. पूर्वजांचे ऋण जिवंत भुकेल्याच्या मुखी घालूनच फिटते, हे त्यांनी आचरणाने दाखविले.

ज्ञानेश्वरमाउलींचे ऋणही त्यांनी असेच फेडले. सुमारे तीनशे वर्षांच्या हस्तलेखनात ज्ञानेश्वरीच्या पाठात पुष्कळ अशुद्धे शिरली होती. नाथांनी अनेक प्रती ताडून शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी त्यात आपल्या ओव्या घालू नयेत, अशी विनंती करून ठेवली. स्वतः एवढे समर्थ कवी असून त्यांनी दुसऱ्याच्या ग्रंथाची सेवा केली. आज वारकऱ्यांच्या हाती ज्ञानेश्वरी आहे, त्यात ह्या सेवेचा मोठा वाटा आहे. पुढे त्यांचे भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरे राहिले, तेव्हा ते शिष्य गावबा ह्यांनी पूर्ण केले.

शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी पैठण येथे गोदावरीत देह ठेवला. हीच तिथी नाथषष्ठी म्हणून पाळली जाते.

वाचकहो, आपल्या रामाकोना-सौंसर-पांढुर्णा भागातही कृतज्ञतेचा संस्कार काही नवा नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे प्रेमाने शेकावयाचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पुरणपोळी चारावयाची, ही आपली चाल. परंतु ती वर्षातून एकदाच. ज्या माणसांच्या खांद्यावर आपला संसार चालतो, त्यांचा पोळा कोणत्या दिवशी? पहाटे उठून चूल पेटविणारी आई, कर्ज अंगावर घेऊन शिकविणारे वडील, अडल्या वेळी धावून आलेला शेजारी, ह्यांस आपण शेवटचे गोड शब्द केव्हा बोललो, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

नाथांची योग्यता आपणास येणे कठीण. परंतु त्यांच्या नेमाचा एक लहानसा अंश सहज पाळता येईल. सांजवात लावल्यावर, देवाजवळ काही मागण्यापूर्वी, त्या दिवशी आपल्या उपयोगी पडलेल्या एका मनुष्याचे नाव मनात घ्यावे आणि तो घरातलाच असेल तर त्यास तसे सांगावेही. मी हा नेम धरला, त्यास थोडेच दिवस झाले आहेत. पहिल्या संध्याकाळी नाव आठवावयास वेळ लागला. आता एकच नाव निवडणे कठीण जाते. सभासद कुटुंबांतील लहानथोरांनी हा नेम करून पाहावा, अशी नम्र विनंती आहे.