शासन आणि क्षमा

कर्तव्यच्युतीस शासन नसेल तर सैन्य टिकत नाही, आणि परतीची वाट नसेल तर राज्य वाढत नाही. नेताजी पालकर यांचे चरित्र या दोन्ही गोष्टींची साक्ष आहे.

१६५९ साली अफझलखानाच्या स्वारीत नेताजी स्वराज्याचे सरनोबत होते. 'प्रतिशिवाजी' ही त्यांची ख्याती. त्याच स्वारीत खंडोजी खोपडे शत्रूस मिळाला. कान्होजी जेध्यांच्या भिडेखातर महाराजांनी त्याचा जीव राखला, परंतु एक हात व एक पाय कलम केला. पुढे जानेवारी १६६६ मध्ये पन्हाळ्याच्या हल्ल्यास नेताजी वेळेवर पोहोचले नाहीत. हल्ला फसला, माणसे पडली; सरनोबतासही कायदा चुकला नाही, पद गेले. दुखावलेले नेताजी प्रथम विजापूरकरांस आणि नंतर मोगलांस मिळाले. महाराज आग्र्याहून निसटताच औरंगजेबाने त्यांना कैद केले. १६६७ साली धर्मांतर झाले, मुहंमद कुलीखान हे नाव मिळाले, आणि काबूलकडे रवानगी झाली.

१६७६ साली ते परतले. महाराजांनी त्यांना शुद्ध करून घेतले. सरनोबती मात्र हंबीरराव मोहित्यांकडेच राहिली. क्षमेने माणूस परत मिळाला, शिस्तही ढळली नाही.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी ज्या धुळ्यात देह ठेवला, त्या खानदेशातील वाचकांस या निवाड्याचे मर्म सांगणे नलगे. शिक्षा अपराधास असावी, माणसाच्या भवितव्यास नव्हे, असे आम्हांस वाटते.