मुंबईचं दूध १५ दिवस रोखलं गेलं आणि त्यातून अमूल उभं राहिलं, त्यामागचे त्रिभुवनदास पटेल

अमूल म्हटलं की डॉ. वर्गीस कुरियन आठवतात. पण कुरियन आणंदला आले १९४९ साली. त्याआधीच तिथे शेतकऱ्यांचा दूध संघ उभा होता. तो उभा करणारे होते त्रिभुवनदास पटेल.

त्यांचा जन्म १९०३ सालचा, आणंदचाच. गांधीजी आणि सरदार पटेलांच्या प्रभावाने ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले, तुरुंगातही गेले.

१९४५ मध्ये बॉम्बे मिल्क स्कीम आली. खेडा जिल्ह्याचं दूध पोल्सन डेअरीमार्फत मुंबईला जायला लागलं. पण शेतकऱ्याला मिळणारा भाव ठरवायचे मधले व्यापारी.

गोची अशी, की हिवाळ्यात म्हशी जास्त दूध देतात आणि शहराची गरज मात्र तेवढीच राहते. मग भाव पडायचा. दूध काही साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे मिळेल त्या पैशात विकण्याशिवाय पर्याय नसायचा.

शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. त्यांनी मोरारजी देसाईंना पाठवलं. जानेवारी १९४६ मध्ये समरखा गावात सभा झाली आणि व्यापाऱ्यांना दूध घालायचं नाही असं ठरलं. १५ दिवस संप चालला. शेवटी सरकार नमलं.

त्रिभुवनदास गावोगाव फिरले, सोसायट्या काढल्या. १४ डिसेंबर १९४६ ला खेडा जिल्हा संघाची नोंदणी झाली आणि ते अध्यक्ष झाले. सुरुवात दोन सोसायट्या आणि रोजच्या जेमतेम २५० लिटर दुधाने झाली.

पण हिवाळ्यातलं जादा दूध उरतच होतं. त्यावर उत्तर मिळालं १९५५ मध्ये. हरिचंद दलाया यांनी म्हशीच्या दुधाची पावडर करून दाखवली आणि आणंदला कारखाना सुरू झाला. उरलेल्या दुधाची पावडर आणि लोणी व्हायला लागलं, त्यामुळे दूध नाकारायची वेळ टळली.

१९६३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९६४ मध्ये पद्मभूषण. १९९४ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज पावडरचेच भाव पडले की महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा खरेदी दर घसरतो. २०१८ मध्ये त्यावरून आंदोलनही पेटलं होतं. दुधाचा भाव वर-खाली होणारच, पण त्याचा फटका एकट्या शेतकऱ्याने का सोसायचा? त्रिभुवनदासांचा संघ याच प्रश्नातून उभा राहिला होता.