नेली झाक्स

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता. नवी भाषा शिकताना कधी कधी कंटाळा येतो, नाही का? आज आपण अशा एका स्त्रीची ओळख करून घेऊ, जिला पन्नाशीच्या उंबरठ्यावर परक्या देशात नवी भाषा शिकावी लागली. तिचे नाव नेली झाक्स.

नेलीचा जन्म १० डिसेंबर १८९१ रोजी जर्मनीतील बर्लिन शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ज्यू लोकांना आपण उर्दूत यहुदी म्हणतो. नेली आईवडिलांची एकुलती एक मुलगी होती. पंधरा वर्षांची असताना तिने स्वीडनच्या लेखिका सेल्मा लागरलॉफ यांची एक कादंबरी वाचली. ती तिला इतकी आवडली, की तिने लेखिकेला पत्र लिहिले. पुढे हा पत्रव्यवहार अनेक वर्षे चालला. एका पत्राने पुढे काय घडवले ते पाहा.

१९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. ज्यू लोकांच्या नोकऱ्या गेल्या, दुकाने लुटली गेली. नेलीचे वडील १९३० मध्येच वारले होते. घरात ती आणि तिची वृद्ध आई. पोलिसांच्या चौकशीचा तिला असा धक्का बसला, की काही दिवस तिची वाचाच गेली.

अशा वेळी तिची एक जर्मन मैत्रीण धावून आली. १९३९ साली ती स्वीडनला जाऊन लागरलॉफ यांना भेटली. त्यांनी आणि तेथील राजपुत्र युजेन यांनी मदत केली. इकडे नेलीला सक्तमजुरीच्या छावणीत हजर होण्याचा हुकूम आला. पण स्वीडनचा परवानाही मिळाला. १६ मे १९४० रोजी मायलेकी विमानाने स्टॉकहोमला पोहोचल्या. लागरलॉफ यांचे आभार मानणे मात्र नेलीच्या नशिबी नव्हते. दोनच महिन्यांपूर्वी त्या वारल्या होत्या.

स्टॉकहोममध्ये पोटासाठी नेलीने लोकांचे कपडे धुतले. ती स्वीडिश भाषा शिकली आणि स्वीडिश कवितांचे जर्मनमध्ये अनुवाद करू लागली. घर अगदी लहान होते. आईची झोप मोडू नये म्हणून ती रात्री स्वयंपाकघरात बसून लिहीत असे. त्या युद्धकाळात सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले. त्यांचे दुःख नेलीने कवितेत मांडले. १९४७ साली तिचा संग्रह प्रसिद्ध झाला.

ही कविता तिने जर्मन भाषेतच लिहिली. छळाचे हुकूम त्याच भाषेत निघाले होते, तरीही. कारण ती तिची मातृभाषा होती. मुलांनो, अपराध माणसे करतात, भाषा नव्हे.

जीव वाचला, तरी भीती गेली नाही. १९५० साली आईही गेली. १९६० नंतर काही वर्षे नेलीला मनाच्या आजारामुळे रुग्णालयात काढावी लागली. तेथेही तिने लेखणी सोडली नाही. १९६५ साली जर्मनीतील पुस्तक व्यावसायिकांनी तिला शांतता पुरस्कार दिला. तो तिने मनात कडवटपणा न ठेवता स्वीकारला. १९६६ साली तिला आणि हिब्रू लेखक ॲग्नॉन यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. समारंभाचा दिवस होता १० डिसेंबर, तिचा पंचाहत्तरावा वाढदिवस!

१२ मे १९७० रोजी स्टॉकहोममध्ये तिचे निधन झाले. मित्रांनो, आपली भाषा जपा, दुसऱ्याची भाषाही प्रेमाने शिका. आणि संकटात सापडलेल्याला हात द्या, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

स्वाध्याय
१. नेली आणि तिची आई जर्मनीतून कशा सुटल्या?
२. नेलीने जर्मन भाषेतच कविता का लिहिली?
३. तुम्हांला आवडलेल्या एखाद्या लेखकाला मराठीत पत्र लिहा.