बहुमत कधी बरोबर असतं? कॉन्दोर्सेचं गणित आणि त्याचं आयुष्य

दहा तज्ज्ञ एकत्र बसले म्हणजे निर्णय चांगला होतोच असं नाही. तो कधी चांगला होतो, याचं गणित पहिल्यांदा नीट मांडलं ते मार्की द कॉन्दोर्से या फ्रेंच गणितज्ञाने. आज आपण ऑनलाइन मतदानाची जी टूल्स वापरतो, त्यातल्या बऱ्याच कल्पना त्याच्यापर्यंत जाऊन पोचतात.

कॉन्दोर्सेचा जन्म १७४३ चा, उत्तर फ्रान्समधल्या रिबमाँ गावातला. तरुणपणीच गणितात नाव झालं आणि पुढे तो पॅरिसच्या विज्ञान अकादमीचा सचिव झाला. १७८५ मध्ये त्याने बहुमताने घेतलेल्या निर्णयांच्या संभाव्यतेवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट: संख्येचा फायदा

समजा प्रश्नाला दोनच उत्तरं आहेत आणि प्रत्येक जण ६० टक्के वेळा बरोबर असतो. तिघांचं बहुमत घेतलं तर ते बरोबर असण्याची शक्यता ६४.८ टक्के होते. ११ जणांचं सुमारे ७५, १०१ जणांचं सुमारे ९८ टक्के!

पण दोन अटी आहेत. प्रत्येक जण निम्म्याहून जास्त वेळा बरोबर हवा. तो ४० टक्केच बरोबर असेल तर माणसं वाढवून निर्णय आणखी बिघडतो. आणि प्रत्येकाने आपलं मत स्वतंत्रपणे बनवायला हवं. सगळे एकाचंच बघून हात वर करत असतील, तर १०१ मतं म्हणजे खरं तर एकच मत.

दुसरी गोष्ट: बहुमताचं चक्र

तिघांना तीन डेटाबेसपैकी एक निवडायचाय. पहिल्याचा पसंतीक्रम क, ख, ग. दुसऱ्याचा ख, ग, क. तिसऱ्याचा ग, क, ख. जोड्या लावून बघा: क हा ख ला २-१ ने हरवतो, ख हा ग ला आणि ग परत क ला! प्रत्येक माणूस सुसंगत आहे, पण गट गोल गोल फिरतोय. कॉन्दोर्सेचं म्हणणं होतं की प्रत्येक पर्यायाची इतर प्रत्येकाशी लढत लावा. सगळ्यांना हरवणारा असेल तर तोच विजेता.

मग क्रांती आली

कॉन्दोर्से क्रांतीच्या बाजूने होता. स्त्रियांना नागरिकत्वाचे हक्क मिळावेत असं त्याने १७९० मध्येच लिहिलं. १७९२ मध्ये तो राष्ट्रीय सभेवर निवडून गेला. जानेवारी १७९३ मध्ये राजाच्या शिक्षेवर मतदान झालं. एकेका सदस्याने पुढे येऊन सगळ्यांसमोर मोठ्याने मत द्यायचं होतं. स्वतंत्र मताची अट पाळायला याहून अवघड पद्धत शोधून सापडणार नाही. कॉन्दोर्सेचा फाशीला विरोध होता. त्याने मृत्युदंड सोडून सर्वांत कडक शिक्षेला मत दिलं. काठावरच्या बहुमताने राजाला मृत्युदंड झाला.

त्याने तयार केलेला राज्यघटनेचा मसुदाही बाजूला पडला. नव्या घटनेवर त्याने टीका केली, तेव्हा जुलैमध्ये त्याच सभेने त्याच्या अटकेचा हुकूम काढला. आठ-नऊ महिने तो पॅरिसमध्ये मादाम व्हेर्ने यांच्या घरी लपून होता. तिथे त्याने मानवी प्रगतीवरचं पुस्तक लिहिलं. आपल्यामुळे त्यांचा जीव जाऊ नये म्हणून मार्च १७९४ मध्ये तो बाहेर पडला, लगेच पकडला गेला आणि कोठडीत मृतावस्थेत सापडला. मृत्यूचं कारण आजही वादात आहे.

आज काय उरलं?

डेबियन या ऑपरेटिंग सिस्टीमचे डेव्हलपर जगभर विखुरलेले आहेत. ते पसंतीक्रम देऊन ऑनलाइन मत देतात आणि मोजणी कॉन्दोर्सेच्या जोड्यांनी होते. चक्र तयार झालंच तर सर्वांत कमकुवत विजय वगळायचा, हा नियम आधीच ठरलेला असतो. त्यामुळे वाद लांबत नाही.

प्लॅनिंग पोकरमध्ये आपण सगळी कार्डं एकदम उघडतो, तेही स्वतंत्र मतासाठीच. म्हणून टीमचा निर्णय घेताना माझा आग्रह असतो: आधी प्रत्येकाने आपलं मत लपवून लिहावं, मग चर्चा, मग पुन्हा मत. आणि सीनियरने शेवटी बोलावं.