हॉगार्थच्या चित्रातली पायरीवरची आई

लंडनच्या स्मिथफिल्ड बाजाराजवळच्या बार्थोलोम्यू क्लोज या गल्लीत १० नोव्हेंबर १६९७ रोजी विल्यम हॉगार्थचा जन्म झाला. वडील रिचर्ड हे लॅटिनचे शिक्षक. त्यांनी एक कॉफीगृह काढले आणि तेथे येणाऱ्या गिऱ्हाइकांनी लॅटिनमध्येच संभाषण करावे अशी योजना आखली. योजना बुडाली, कर्ज वाढले आणि रिचर्ड यांना कर्जबाजाऱ्यांसाठीच्या फ्लीट तुरुंगात जावे लागले. विल्यम तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता. त्याची काही भावंडे तान्हेपणीच दगावली होती. दारिद्र्य आणि मृत बालके या दोन गोष्टी त्याला कोणी पुस्तकातून शिकवाव्या लागल्या नाहीत.

पुढे तो एलिस गँबल या चांदीच्या कारागिराकडे नक्षी कोरण्याचे काम शिकला. मोठ्या घराण्यांची मानचिन्हे कोरून त्याला कंटाळा आला, पण तांब्याच्या पत्र्यावर रेघ ओढणारा हात मात्र तयार झाला. १७२९ मध्ये त्याने राजचित्रकार सर जेम्स थॉर्नहिल यांची कन्या जेन हिच्याशी वडिलांच्या संमतीवाचून विवाह केला. १७३२ मध्ये खेड्यातून लंडनला आलेल्या एका मुलीच्या अधःपाताची चित्रमालिका निघाली आणि हॉगार्थचे नाव घरोघर पोहोचले. त्याच्या चित्रांच्या चोरट्या प्रती इतक्या विकल्या जाऊ लागल्या, की १७३५ मध्ये मुद्राचित्रकारांच्या हक्कांचा कायदा संसदेकडून करून घेण्यात त्याने पुढाकार घेतला. त्या कायद्याला आजही त्याच्याच नावाने ओळखतात.

या काळात लंडनमध्ये जिन या मद्याने थैमान घातले होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच ब्रँडीची आयात रोखून देशी धान्यापासून मद्य गाळण्यास सरकारने मोकळीक दिली होती. जमीनदारांचे धान्य खपले, तिजोरीत कर आला आणि किराणा दुकानापासून रस्त्यावरच्या हातगाडीपर्यंत जिन मिळू लागली. बिअर पिण्यासाठी मद्यालयात जावे लागे, तेथे बहुधा पुरुषांचाच राबता. जिन मात्र कोठेही आणि स्वस्तात मिळत असल्याने ती स्त्रियांच्याही हाती सहज पडली. लोक तिला बाईचेच नाव देऊन मॅडम जिनिव्हा म्हणत.

१७२६ मध्ये लंडनच्या वैद्यांच्या महाविद्यालयाने संसदेपुढे एक निवेदन ठेवले. अशा मद्यांच्या वाढत्या सेवनामुळे दुर्बल आणि रोगट मुले जन्माला येतात, असा इशारा त्यात होता. संसदेने तेव्हा काही केले नाही. पुढे १७३६ मध्ये विक्रेत्यांवर वर्षाला ५० पौंडांचा परवाना लादण्यात आला. तो फारच थोड्यांनी घेतला, चोरटी विक्री वाढली आणि १७४३ मध्ये तो कायदा गुंडाळावा लागला. मधल्या काळात, १७३४ मध्ये, ज्युडिथ डुफोर नावाच्या स्त्रीने गरिबांसाठीच्या वर्कहाउसमधून नवे कपडे मिळालेल्या आपल्या दोन वर्षांच्या मुलीला बाहेर नेले, तिचा गळा आवळला आणि कपडे विकून त्या पैशांची जिन घेतली. तिला फाशी झाली. ही हकीकत लंडन विसरले नाही.

हॉगार्थचा मित्र हेन्री फील्डिंग हा कादंबरीकार होताच, शिवाय बो स्ट्रीट येथे दंडाधिकारीही होता. वाढत्या लूटमारीच्या कारणांवर त्याने जानेवारी १७५१ मध्ये एक पुस्तिका काढली. जिनच्या अमलात ज्याचे बीज पडले, गर्भात आणि स्तनपानात ज्याला जिनच मिळाली, त्या बालकाचे काय होणार, असा प्रश्न त्याने तीत विचारला होता. पुढच्याच महिन्यात हॉगार्थने ‘बिअर स्ट्रीट’ आणि ‘जिन लेन’ ही चित्रांची जोडी प्रत्येकी एक शिलिंग किमतीला बाजारात आणली.

‘जिन लेन’मध्ये सेंट जाइल्स या दरिद्री वस्तीतल्या एका जिन्याच्या पायरीवर एक स्त्री बसली आहे. वस्त्रे अस्ताव्यस्त, पायांवर व्रण, चेहऱ्यावर निर्बुद्ध समाधान. ती डबीतून तपकीर घेते आहे आणि तिचे मूल मांडीवरून निसटून, कठड्यावरून डोके खाली करून कोसळते आहे. मागे एक आई तान्ह्याच्या तोंडात जिन ओतते, धर्मादाय शाळेच्या दोन मुली प्याले लावून उभ्या आहेत, एका स्त्रीला शवपेटीत ठेवले जात असताना शेजारी तिचे मूल रडते आहे. सुतार आपली करवत गहाण टाकतो, बाई स्वयंपाकाची भांडी. भरभराट आहे ती सावकाराची आणि मद्य गाळणाऱ्याची.

या चित्राचे सामर्थ्य कोणी नाकारणार नाही. तरीही त्याच्यापुढे थोडे थांबावेसे वाटते. याच हॉगार्थने सुमारे १७३३ मध्ये मध्यरात्रीच्या एका बैठकीचे चित्र काढले होते. त्यात पंचाच्या भांड्याभोवती प्रतिष्ठित पुरुष झिंगून लवंडले आहेत. (पंच हा शब्द आपल्या ‘पाच’वरून, म्हणजे पाच घटकांवरून इंग्रजीत गेला असे मानतात, आणि त्यात घालण्यासाठी गोव्याची माडाची अराक नावाजलेली होती.) ते चित्र पाहून इंग्लंड हसले. पुरुषांची नशा गमतीची आणि गरीब बाईची नशा भयंकर, हा न्याय हॉगार्थने निर्माण केला नाही, पण तो त्याने आपल्या कोरणीने पक्का केला हे खरे.

दुसरी चूक जोडचित्रात आहे. ‘बिअर स्ट्रीट’वर सारेच धष्टपुष्ट, कामसू आणि आनंदी आहेत. दिवाळे निघाले आहे ते फक्त सावकाराचे. बिअर म्हणजे देशाचे निकोप पेय, असा त्याचा अर्थ. हॉगार्थच्या काळी नळाचे शुद्ध पाणी नव्हते, तेव्हा त्याला दोष देणे कठीण. पण बिअर सौम्य असल्याने गरोदरपणी चालते, ही समजूत अडीचशे वर्षांनंतरही जिवंत आहे आणि आपल्या किनाऱ्यावरही ती ऐकू येते. पाच टक्के मद्यार्काच्या ६५० मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे २५ ग्रॅम मद्यार्क असतो. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगात सुमारे १० ग्रॅम. आईच्या रक्तातला मद्यार्क वारेतून गर्भाच्या रक्तात उतरतो, मग तो जिनचा असो, फेणीचा की बिअरचा. गर्भाचे यकृत अपक्व असल्याने त्याला तो आवरत नाही, आणि मेंदूची घडण तर नऊही महिने चालू असते.

हे वैद्यकाने ठामपणे मांडायला फार उशीर लागला. १८९९ मध्ये लिव्हरपूलच्या तुरुंगातील डॉक्टर विल्यम सलिव्हन याने मद्यासक्त स्त्रियांच्या मुलांची नोंद केली. त्यांच्यात मृतजन्म आणि बालमृत्यू, त्यांच्याच न पिणाऱ्या नात्यातील स्त्रियांच्या मुलांहून दुपटीपेक्षा अधिक होते. गरोदरपणात तुरुंगात आल्याने ज्यांची दारू सुटली, त्यांची मुले मात्र अधिक सुदृढ निपजली. म्हणजे उशिरा थांबण्यालाही अर्थ होता. (सवय जुनी असेल तर ती एकाएकी तोडणेही धोक्याचे, डॉक्टरांची देखरेख हवी.) १९६८ मध्ये फ्रान्समधील नांत येथे पॉल लेमॉयन याने आणि १९७३ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे केनेथ जोन्स व डेव्हिड स्मिथ यांनी अशा मुलांची लक्षणे वर्णन केली : खुरटलेली वाढ, लहान डोळे, पातळ वरचा ओठ, मंद विकास. काही डॉक्टरांनी हा चेहरा ‘जिन लेन’मधील मुलांत शोधला, इतरांनी ती कल्पना खोडून काढली. मला दुसऱ्यांचे पटते; कोसळणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर हॉगार्थने भय कोरले आहे, निदान नव्हे.

१७५१ मध्येच संसदेने विक्रीवर नवे निर्बंध आणले आणि जिनचा खप उतरला. पुढच्या काळातील अपुरे पीक आणि महागलेले धान्य यांचाही त्यात वाटा होता.

हॉगार्थ आणि जेन यांना मूलबाळ नव्हते. १७३९ मध्ये टॉमस कोरम याला सोडून दिलेल्या मुलांसाठी संस्था काढण्याची राजाज्ञा मिळाली, तेव्हापासून हॉगार्थ तिच्या विश्वस्तांत होता. त्याने तिच्यासाठी चित्रे दिली, मुलांच्या गणवेशाची आखणी केली. आया मुले घेऊन दाराशी इतक्या दाटत, की १७४२ पासून पिशवीतून रंगीत चेंडू काढून निवड होऊ लागली : पांढरा आल्यास प्रवेश, तांबडा आल्यास प्रतीक्षा, काळा आल्यास परत. चिझिक येथील आपल्या घराच्या परिसरात या मुलांना सांभाळणाऱ्या दायांवर हॉगार्थ दांपत्य देखरेख करी, काही मुले त्यांच्या घरीही राहत. बागेत एक तुतीचे झाड होते. तुती पिकली की मुलांना ती खायला मिळत असे, असे सांगतात. ते झाड अजून उभे आहे.

२६ ऑक्टोबर १७६४ रोजी हॉगार्थ वारला. संसदेने त्याच्या चित्रांचे हक्क खास बाब म्हणून जेनकडे आणखी वीस वर्षे ठेवले, आणि त्या तांब्याच्या पत्र्यांवरून छपाई करून ती १७८९ पर्यंत जगली. त्या पत्र्यांत ‘जिन लेन’चाही होता.