बल्बमधून कोळशात शिरलेलं समीकरण

दौंड तालुक्यातल्या कासुर्डीहून पुण्याला कॉलेजला येत असाल, तर सोलापूर रस्त्यावर तुमच्या मागेपुढे सीएनजीच्या गाड्या असतातच. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. हाच वायू दगडी कोळशातही दडलेला असतो. राणीगंज, सोहागपूरला तो बोअर घेऊन काढतात. पण कोळशात मिथेन किती मावेल, हे कसं ठरवायचं? त्यासाठी आजही आधी आठवतं ते अर्व्हिंग लँगम्यूर यांचं समीकरण. बीएस्सीला तुम्ही ते घोकलं असेल. गंमत म्हणजे ते जन्मलं विजेच्या बल्बच्या अभ्यासातून!

लँगम्यूर यांचा जन्म १८८१ चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. नजर अधू होती, पण ते घरच्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. चष्मा लागला आणि झाडांची पानं वेगवेगळी दिसायला लागली. कोलंबियात धातुशास्त्र शिकून त्यांनी जर्मनीत गटिंगेनला नर्न्स्ट यांच्याकडे १९०६ मध्ये पीएचडी केली. पुढे तीन वर्षं मास्तरकी. शिकवण्याच्या रगाड्यात संशोधनाला वेळच मिळेना. १९०९ च्या उन्हाळ्यात ते सुट्टीपुरते जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत गेले, आणि १९५० मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

तेव्हाचे बल्ब आतून काळे पडायचे. उरलेली हवा काढून टाका, निर्वात पोकळी आणखी चांगली करा, असा सगळ्यांचा सूर होता. लँगम्यूर यांनी उलटं केलं. मुद्दाम एकेक वायू आत सोडून काय होतं ते पाहिलं. काळेपणा हवेचा नव्हता. तापलेल्या तारेतलं टंगस्टनच उडून काचेवर बसत होतं. मग तारेचं वेटोळं करून बल्बमध्ये निष्क्रिय वायू भरला, की बल्ब जास्त उजेड देतो आणि जास्त टिकतो, हे त्यांनी दाखवलं.

हे करताना त्यांना दिसलं की वायूचे रेणू पृष्ठभागावर चिकटतात, तेही एकाच थरात. यालाच अधिशोषण म्हणतात. स्टँडवर लागलेली एसटी डोळ्यांसमोर आणा. उभ्याने प्रवास नाही, एका सीटवर एकच माणूस. कुणी उठतंय, कुणी बसतंय. स्टँडवर गर्दी वाढली की सीटा भरत जातात. पण गाडी भरली की गर्दी कितीही असो, आकडा तोच. गर्दी म्हणजे दाब, सीट म्हणजे पृष्ठभागावरची जागा. निम्म्या जागा भरतात तो ‘लँगम्यूर दाब’. १९१८ च्या शोधनिबंधात त्यांनी काच, अभ्रक आणि प्लॅटिनमवर वायू मोजले. त्यात मिथेनही होता.

कोळसा आतून सूक्ष्म छिद्रांनी भरलेला असतो. मिथेन त्या छिद्रांच्या भिंतींना धरून बसतो. पंपाने पाणी उपसून दाब कमी केला, की तो सुटतो, बारीक छिद्रांतून हळूहळू सरकत फटींपर्यंत येतो (हे विसरण) आणि फटींतून बोअरकडे वाहतो. खाणीत कोळसा फोडला तरी दाब उतरतोच. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के झाला, की एक ठिणगी पुरते. म्हणून हा हिशेब गॅसच्या धंद्याइतकाच खाणकामगाराच्या जिवाचाही आहे.

१९३२ मध्ये लँगम्यूर यांना पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी नोबेल मिळालं. पुढे ते ढगांकडे वळले. १९४६ मध्ये त्यांचे सहकारी शेफर यांनी विमानातून ढगात कोरडा बर्फ टाकला आणि हिमकण पडताना दिसले. पर्जन्यछायेतल्या आपल्या दौंडकरांना या प्रयोगाचं मोल वेगळं सांगायला नको. पण इथे लँगम्यूर घाईला आले. १९४७ मध्ये एका चक्रीवादळात कोरडा बर्फ टाकल्यावर वादळ वळलं. ते आपल्यामुळेच, असं त्यांनी ठरवून टाकलं. नंतर कळलं की ते आधीच वळू लागलं होतं. न्यू मेक्सिकोतल्या बीजारोपणामुळे दूरवरचा पाऊसही बदलला, हा त्यांचा दावा अनेक हवामानतज्ज्ञांनी मानला नाही. आणि १९५३ मध्ये याच माणसाने शास्त्रज्ञ स्वतःची फसवणूक कशी करून घेतात, यावर भाषण दिलं! १९५७ मध्ये ते गेले.

माणूस तोच, बुद्धी तीच. मग फरक कशात? बल्बमध्ये एकेक गोष्ट बदलून पाहता येत होती. बीजारोपण केलं नसतं तर त्या ढगातून किती पाऊस पडला असता, हे कसं मोजणार? म्हणूनच पुण्याच्या आयआयटीएमने सोलापूर परिसरात प्रयोग केले, तेव्हा कोणत्या ढगात बीजारोपण करायचं आणि कोणता तसाच सोडायचा, हे नशिबावर सोडलं.

समीकरण टिकलं, कारण त्याच्या अटी त्यासोबतच आहेत: थर एकच, सगळ्या जागा सारख्या, शेजारच्या रेणूंची ओढाताण नाही. खरा कोळसा या अटी पुरत्या पाळत नाही, म्हणून प्रत्येक नमुना प्रयोगशाळेत तपासावाच लागतो. तेव्हा परीक्षेत सूत्र लिहाल, तर अटी ऑप्शनला टाकू नका. दोन मार्कांपेक्षा त्या खूप जास्त मोलाच्या आहेत.