राजाचे फुप्फुस आणि शस्त्रक्रियेनंतरची खाट

इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांचा चेहरा एकेकाळी हिंदुस्थानात घरोघरी माहीत होता, तो नाण्यांवरील छापामुळे. मराठवाड्यात तेव्हा निजामाचा हाली सिक्का चाले. पण शेजारच्या वऱ्हाडात आणि खानदेशात बाजारहाट याच राजाच्या नाण्यांनी होई. या राजाचे आजारपण वैद्यकशास्त्राला आजही शिकवून जाणारे आहे.

१४ डिसेंबर १८९५ रोजी जन्मलेले जॉर्ज लहानपणापासून बोलताना अडखळत. तरुणपणी ते आरमारात गेले आणि १९१६ मध्ये जटलंडच्या लढाईत सहभागी झाले. पुढच्याच वर्षी पोटातील व्रणासाठी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. १९३६ मध्ये थोरल्या भावाने गादी सोडली आणि मनात नसताना राज्य त्यांच्याकडे आले. महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना ते तिथेच राहिले. या साऱ्या ताणात सिगारेट मात्र कधी सुटली नाही.

तिची किंमत आधी पायांनी मोजली. रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने मार्च १९४९ मध्ये पायाचा रक्तपुरवठा सुधारण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली. १९५१ मध्ये खोकला आणि ताप हटेना. क्ष-किरण चित्रात डाव्या फुप्फुसावर सावली दिसली. सप्टेंबरमध्ये दुर्बिणीने श्वासनलिकेतून तुकडा काढून तपासला, तेव्हा कर्करोग निघाला. जनतेला फुप्फुसाच्या रचनेत बदल झाल्याचे एवढेच कळवले गेले. खुद्द राजांनाही कर्करोग हा शब्द सांगितला गेला नाही, असे त्यांचे चरित्रकार लिहितात.

२३ सप्टेंबर १९५१ रोजी शल्यचिकित्सक क्लेमेंट प्राइस थॉमस यांनी बकिंगहॅम राजवाड्यातच शस्त्रक्रियागृह उभारून राजांचे डावे फुप्फुस काढले. स्वरयंत्राकडे जाणाऱ्या मज्जातंतूलाही धोका होता. आयुष्यभर बोलण्याशी झुंजलेल्या माणसाचा आवाजच जाण्याची ती भीती होती.

शस्त्रक्रिया संपली, पण खरी कसोटी पुढे होती. अतिदक्षता विभाग तेव्हा अस्तित्वातच नव्हता. ऑगस्ट १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सल्ल्याने वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने फुगा दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवला. त्या अनुभवातून अतिदक्षता विभागाची कल्पना रुजली. राजांच्या वेळी उपाय एकच होता: जाणकार डॉक्टर आणि परिचारिका दिवसरात्र खाटेजवळ ठेवणे.

ते दिवस पार पडले. डिसेंबरमध्ये देशभर प्रार्थना झाल्या. नाताळचे भाषण मात्र तुकड्या-तुकड्यांनी ध्वनिमुद्रित करावे लागले, इतका दम कमी पडत होता. ३१ जानेवारी १९५२ ला दौऱ्यावर निघालेल्या कन्येला निरोप द्यायला ते विमानतळावर गेले. ६ फेब्रुवारीच्या पहाटे झोपेतच त्यांचे निधन झाले. वय ५६. कारण हृदयाच्या रक्तवाहिनीत झालेली गुठळी. म्हणजे फुप्फुस काढताना त्यांचे हृदय आणि रक्तवाहिन्याही आजारीच होत्या.

नेमका हाच मुद्दा आज शस्त्रक्रियेनंतरची जागा ठरवताना पाहिला जातो. रुग्णालयात साधारण तीन पायऱ्या असतात. सर्वसाधारण वॉर्ड, सतत मॉनिटर आणि जास्त परिचारिका असलेला एचडीयू, आणि व्हेंटिलेटरसह आयसीयू. फुप्फुसाचा लहान भाग काढला, श्वासाची चाचणी चांगली आहे, हृदय ठीक आहे, रुग्ण टेबलावरच शुद्धीवर येऊन स्वतः श्वास घेतो आहे, तर बहुधा एचडीयू किंवा सुसज्ज वॉर्ड पुरतो. अख्खे फुप्फुस काढले असेल, उरलेल्या फुप्फुसाची क्षमता बेताची असेल, हृदयविकार असेल किंवा रक्तस्राव जास्त झाला असेल, तर आयसीयूची खाट आधीच राखून ठेवावी लागते.

पहिल्या काही दिवसांत चार गोष्टींवर नजर लागते. हृदयाचे ठोके अनियमित होणे, उरलेल्या फुप्फुसात पाणी साचणे, कफ अडकून न्यूमोनिया होणे आणि शिवलेल्या श्वासनलिकेतून हवा गळणे. म्हणून सलाइन मोजून द्यावे लागते. वेदना नीट शमवावी लागते, कारण दुखत असेल तर माणूस खोकत नाही, आणि खोकला नाही तर कफ सुटत नाही. लवकर उठवून बसवणे आणि श्वासाचे व्यायाम हे औषधाइतकेच मोलाचे.

सरसकट प्रत्येकाला आयसीयूत ठेवल्याने फायदा होतोच असे नाही. तिथे जंतुसंसर्गाचा धोका असतो, वयस्कर रुग्णाला भ्रम होऊ शकतो आणि ज्याला व्हेंटिलेटरची खरी गरज आहे त्याची खाट अडते. मराठवाड्यातील रुग्णाचे नातेवाईक कधी आयसीयूचे नाव काढताच हादरतात, तर कधी हट्टाने तीच खाट मागतात. विष्णुपुरी असो, लातूर असो की मुंबई, त्यांनी शस्त्रक्रियेआधीच तीन प्रश्न विचारावेत: नंतर रुग्ण कुठे राहील, रात्री त्याच्याकडे किती जणांचे लक्ष असेल, आणि प्रकृती बिघडली तर किती वेळात आयसीयूत नेता येईल?

आणि सिगारेट-विडी आजच सोडावी. शस्त्रक्रियेची तारीख ठरेपर्यंत थांबू नये. राजवाड्यातले उत्तमोत्तम डॉक्टरही तिने आधीच केलेले नुकसान भरून काढू शकले नाहीत.